गिटन्सबाईंची चर्चची हॅट

आमच्या हॉलमध्ये आम्ही चौसष्ट जणी बसायचो. त्यातल्या त्रेसष्ट जणी पंचविशीच्या आतल्या आणि एकट्या गिटन्सबाई सेहेचाळीसच्या. पूर्ण नाव इयान्थी गिटन्स. उंच, सडपातळ, आणि ब्लाउजच्या कॉलरला आतून नेहमी दोन टाचण्या टोचलेल्या. शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं काजं-बटणं केलेली बाई, कारखाना बंद पडला तरी टाचण्यांची सवय गेली नव्हती.

सालं आता माझ्या डोक्यात गोंधळतात, पण ते सत्याऐंशी असावं. आमच्या बेटाच्या राजधानीत, ब्रिजटाउनला, बंदराला लागून नव्या कंपन्यांच्या लांबोळक्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या एकीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही कामाला होतो. परदेशात कुणी फ्रिज घेतला, मिक्सर घेतला, की त्याबरोबर गॅरंटीचं कार्ड येतं. लोक ते भरून पाठवतात. ती कार्डं खोकी भरभरून विमानानं आमच्याकडे यायची आणि आम्ही त्यावरचं नाव, पत्ता, वस्तूचा नंबर कम्प्युटरवर मारायचो. मी बेटाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, पण ओहायोतल्या कुठल्या गल्लीत कुणी नवी इस्त्री घेतली ते मला ठाऊक असायचं.

गावात आमचा रुबाब होता. उसाच्या मळ्यात नाही, मासळी बाजारात नाही, दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी नाही. थंडगार हॉल, इस्त्रीचे स्कर्ट, टाचांचे बूट. बसमधून उतरलो की बंदरावरचे हमाल म्हणायचे, "आल्या बघा बँकवाल्या!" आम्ही बँकवाल्या नव्हतो, पण कुणी दुरुस्तही करत नव्हतो.

आत मात्र काम कठीण होतं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. तासाला किती बोटं पडली हे मशीन स्वतःच मोजायचं. एक कार्ड दोघींना वेगवेगळं मारायला द्यायचे, आणि दोघींचं जुळलं नाही की चूक कुणाची ते आमच्या सुपरवायझर बॉइसबाई काढायच्या. बॉइसबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या हातात कागद असायचा आणि कागदावर आमचे आकडे असायचे, एवढंच.

गिटन्सबाईंना कामावर घेताना साहेबांनी आढेवेढे घेतले होते. आमचे मॅनेजर इनिस साहेब म्हणाले होते म्हणे, "बाई, हे तरुण मुलींचं काम आहे." बाई म्हणाल्या, "परीक्षा तरुण मुलींची घेताय की बोटांची?" परीक्षेत त्यांची एकही चूक निघाली नाही. साहेबांना घ्यावंच लागलं.

मी डेल्सिना वॉरेल. मला सगळ्या डेल्सी म्हणायच्या. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात ती हातातून जायच्या बेतात होती. कारण माझे डोळे.

सकाळी ठीक असायचं. जेवणानंतर डोळे चुरचुरायला लागायचे, वाळू गेल्यासारखे. तीन वाजेपर्यंत कपाळ ठणकायचं, आठाचा तीन दिसायचा आणि तीनाचा आठ. घरी जाऊन प्रार्थनेचं पुस्तक उघडलं की पांढऱ्या पानावर ओळींच्या कडा गुलाबी दिसायच्या. आईला सांगितलं तर तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून जाऊ नकोस." दिवसभर हिरवं बघितलं की असं होतं हे पुढे कळलं; तेव्हा बऱ्याच जणींना गुलाबी दिसत होतं, पण उघड कुणी बोलायची नाही. फक्त सिसली बोलायची. सिसली म्हणजे आमच्या रांगेतली सगळ्यात तोंडाळ मुलगी. ती म्हणायची, "त्या डब्यातून किरण येतात गं. हळूहळू डोळा उकडून निघतो, अंड्यासारखा." निम्म्या जणी हसायच्या आणि निम्म्या जणी रात्री देवाला हात जोडायच्या.

एका मंगळवारी बॉइसबाईंनी मला बाजूला घेतलं. "डेल्सिना, आठवड्यात एकोणसाठ चुका. पंधरा दिवस देते. सुधारलीस तर ठीक."

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडत बसले. दार उघडून गिटन्सबाई आत आल्या.

"रडतेस की डोळे धुतेस?"

"दोन्ही."

"मग रडच. तेवढंच पाणी मिळेल त्यांना," त्या म्हणाल्या. पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. बेसिनला टेकून उभ्या राहिल्या. "सकाळपासून बघतेय तुला. तीन कार्डं मारलीस, तेवढ्यात एकदा पापणी मिटली असेल तर शपथ. बर्फावरच्या माशासारखी टक लावून बसतेस. डोळे सुकणार नाहीत तर काय होईल?"

"पापणी मिटली तर ओळ चुकते."

"ओळ आत्ताही चुकतेच आहे ना? एकोणसाठ वेळा."

मला राग आला आणि हसूही आलं. त्यांना आकडा कसा कळला कोण जाणे. त्या हॉलमध्ये काही लपत नसे.

"ऐक," त्या म्हणाल्या. "कार्ड संपलं की डोळे मीट. नीट मीट, झोपेत मिटतो तसे. मग उघड. दहा कार्डं झाली की मान वर कर आणि लांब बघ. पुढच्या मुलीची पाठ नाही, लांब. जेवढं लांब दिसेल तेवढं."

"लांब काय दिसणार? खिडक्यांना तर कागद चिकटवलाय."

खरंच होतं ते. उन्हाची तिरीप काचेवर पडते म्हणून कंपनीनं सगळ्या खिडक्यांना तपकिरी कागद डकवला होता. बाहेर समुद्र, जहाजं, नीरफणसाची झाडं, आणि आत आम्ही पार्सलमध्ये बांधल्यासारख्या.

"माझ्या जागेवर ये," बाई म्हणाल्या.

त्यांची जागा शेवटच्या रांगेत, खिडकीला लागून. त्यांनी कागदाला कात्रीनं तीन बाजूंनी काप दिला होता, पोस्टकार्डाएवढा, आणि चौथी बाजू तशीच ठेवून त्याचं झापड केलं होतं. टाचणी काढली की झापड खाली. मी वाकून पाहिलं. धक्क्याच्या पलीकडे एक मालवाहू बोट उभी होती, तिच्या मागे पाणी, आणि पाण्याच्या मागे काहीच नाही. माझे डोळे आतून सैल पडले. दुसरा शब्द मला सापडत नाही. घट्ट बांधलेली वेणी सोडल्यावर डोक्याला वाटतं तसं.

"काजं करायला मला माझ्या मावशीनं शिकवलं," बाई सांगत होत्या. "सेंट अँड्र्यूला, डोंगरावर घर होतं तिचं. एक काज झालं की मला दारात पाठवायची. समुद्रावर किती होड्या आहेत ते मोजून ये म्हणायची. मला वाटायचं, म्हातारीला होड्यांचं वेड आहे. सत्तर वर्षांची झाली तरी सुईत दोरा स्वतः ओवायची. तेव्हा कळलं."

त्या दिवसापासून बाईंनी मला हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझं टेबल पाहिलं. स्क्रीन होता मशीनच्या मोठ्या डब्यावर चढवलेला, म्हणजे माझ्या कपाळाच्या वर. कार्डं होती डावीकडे, टेबलावर आडवी.

"वर बघत काम करतेस, म्हणून डोळा सताड उघडा राहतो. आणि मान दिवसभर वर-खाली, वर-खाली, कोंबडीसारखी." त्यांनी आणि मी मिळून स्क्रीन खाली टेबलावर उतरवला आणि हातभर मागे सरकवला. मग रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून त्यांनी एक उतरती चौकट केली, स्क्रीनला खेटून उभी केली आणि त्यावर कार्डं लावली. आता कार्ड आणि काच एकाच उंचीवर, एकाच अंतरावर. शेवटी त्यांनी आपल्याजवळच्या फडक्यानं काच पुसली. फडकं काळं निघालं.

"एवढ्या धुळीतून वाचत होतीस? आणि दोष किरणांना!"

सिसली लांबून म्हणाली, "गिटन्सबाई, माझ्या टेबलालाही एखादी झालर लावा की!"

"तुझ्या तोंडाला आधी काज करते," बाई म्हणाल्या, "म्हणजे बटण लावता येईल."

पंधरा दिवसांत माझ्या चुका चोवीसवर आल्या. बॉइसबाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. मी घरी जाताना आईसाठी नारळाचा पाव घेतला.

पण एका गोष्टीवर बाईंचा इलाज चालत नव्हता. डोक्यावरच्या ट्यूबलाइट. हॉलभर पांढऱ्याफटक नळ्यांच्या रांगा, त्या थेट डोळ्यांत यायच्या आणि काचेतही उमटायच्या. हिरवी अक्षरं त्या पांढऱ्या पट्ट्यांमधून शोधून काढावी लागायची. बाईंनी बॉइसबाईंना विचारलं, बॉइसबाईंनी इनिस साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ऑफिस म्हटलं की उजेड भरपूर हवा, पाहुण्यांना अंधारं दिसता कामा नये.

त्यानंतरच्या सोमवारी गिटन्सबाई कामावर आल्या त्या चर्चची हॅट घालून.

गडद निळी, रुंद काठाची, बाजूला रेशमी फीत आणि फितीत एक पांढरं पीस. रविवारी आमच्याकडे प्रत्येक बाई अशी हॅट घालते, पण रविवारी. सोमवारी सकाळी साडेसातला, कम्प्युटरसमोर, कुणी नाही. सगळा हॉल मान वळवून बघत होता. बाई शांतपणे जागेवर बसल्या, हॅट पुढे ओढून काठ भुवयांच्या जरा वर आणला आणि कामाला लागल्या.

बॉइसबाई लगबगीनं आल्या. "गिटन्सबाई, आज काय, लग्नाला जायचंय कुणाच्या?"

"नाही."

"मग मयताला?"

"देवाच्या दयेनं तेही नाही."

"मग ही हॅट काढा."

"नियमात कुठे लिहिलंय?"

बॉइसबाईंनी नियमांची वही आणली. बाह्या किती लांब हव्यात ते होतं. गुडघे झाकले पाहिजेत हे होतं. चपला चालणार नाहीत, बूट हवेत, हेही होतं. डोक्याबद्दल अक्षर नव्हतं. बॉइसबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "आकडे उतरले तर मी साहेबांकडे जाईन."

आकडे उतरले नाहीत. गुरुवारपर्यंत गिटन्सबाई अख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्या आल्या, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

त्यांच्यामागून पहिली हॅट माझी. आईची जुनी, पिवळट गवताची, मागून उसवलेली. मग पेट्रोना नावाची एक अबोल मुलगी आली, तिच्या डोक्यावर वडिलांची फेल्ट हॅट. सिसली आठवडाभर आमची टिंगल करत होती. "इथे भजनाची तालीम आहे का हो? मला कुणी कळवलं नाही!" पुढच्या सोमवारी ती स्वतःच आली लाल हॅट घालून. त्या हॅटवर खोटी चेरीची फळं लोंबत होती, आणि ती अशी ऐटीत चालत आली की हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांत चाळीसेक जणी हॅट घालून बसायला लागल्या. ज्यांच्याकडे हॅट नव्हती त्यांनी पुठ्ठ्याचे काठ कापून रिबिनीनं कपाळाला बांधले. मागून पाहिलं तर वाटावं, इस्टरची प्रार्थना सुरू आहे आणि पाद्री यायचे आहेत.

पाद्री आले नाहीत, पाहुणे आले. ज्या कंपनीची कार्डं आम्ही मारायचो तिथून तिघं जण पाहणीला आले. दोन पुरुष आणि एक उंच, केस पांढरे झालेली बाई. इनिस साहेब स्वतः दार उघडून त्यांना आत घेऊन आले. हॅटी चालू आहेत हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, पण त्या एवढ्या झाल्या असतील असं वाटलं नव्हतं. ते दारातच थबकले.

ती पाहुणी म्हणाली, "वा! आज तुमच्याकडे सण आहे का?"

साहेबांना हो म्हणावं की नाही तेच कळेना. "तसं नाही... म्हणजे, इथल्या बायकांना... आवड आहे जरा..." त्यांच्या मानेवर घाम दिसत होता, त्या थंडगार हॉलमध्ये.

गिटन्सबाई उठल्या. हॅट न काढताच म्हणाल्या, "साहेब, मी सांगू?"

साहेबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. पाहुणी म्हणाली, "सांगा की."

"त्यापेक्षा साहेबांनीच सांगावं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली. "साहेब, दोन मिनिटं माझ्या जागेवर बसता? काचेत काय दिसतं तेवढं फक्त सांगा."

आता नाही कसं म्हणणार? इनिस साहेब बसले. डोळे बारीक करून काचेकडे बघत राहिले. चौसष्ट जणींची बोटं थांबली होती.

"अक्षरं दिसताहेत," साहेब म्हणाले.

"आणखी?"

"दोन ट्यूब दिसताहेत. पांढऱ्या पट्ट्या."

"आणि त्यांच्या मधोमध?"

साहेब जरा पुढे वाकले. मग त्यांचा हात आपसूक डोक्यावर गेला. "माझं टक्कल दिसतंय," ते म्हणाले.

हॉल फुटला. सिसली टेबलावर डोकं ठेवून हसत होती, तिची चेरी टेबलावर टकटक वाजत होती. पाहुणीनं तोंडावर रुमाल धरला. साहेब लालबुंद होतात की काय असं वाटलं, पण त्या माणसाचं मन मोठं होतं. तेही हसले.

गिटन्सबाईंनी आपली हॅट काढून साहेबांच्या डोक्यावर ठेवली, काठ नीट पुढे ओढला. "आता?"

साहेब पुन्हा काचेकडे वाकले. निळी फीत, पांढरं पीस, आणि त्याखाली आमचे मॅनेजर. शेवटी म्हणाले, "आता फक्त अक्षरं."

"आम्हाला दिवसभर तेवढंच हवंय," बाई म्हणाल्या.

पुढच्या पंधरवड्यात इलेक्ट्रिशियन आला आणि त्यानं निम्म्या नळ्या उतरवल्या. टेबलं फिरवली, म्हणजे खिडकी ना तोंडासमोर ना पाठीमागे, एका कुशीला. तपकिरी कागद खरवडून काढला आणि पट्ट्यांचे पडदे लावले, हवे तेव्हा उघडता येणारे. पहिल्या दिवशी पडदे वर गेले तेव्हा आम्ही वेड्यासारख्या समुद्राकडे बघत बसलो, जणू तो त्याच सकाळी आणून ठेवलाय. दर तासाला दोन मिनिटं काम थांबायचं असंही ठरलं. बॉइसबाई हातातली लहानशी घंटा वाजवायच्या आणि ओरडायच्या, "लांब बघा गं!" कुणी बोट शोधायची, कुणी ढग, आणि सिसली धक्क्यावरच्या एका क्रेनवाल्याला. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं.

हॅटी घरी गेल्या. थोडं वाईटही वाटलं.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. सहा महिन्यांनी चुका कमी झाल्याचा कागद वरपर्यंत गेला आणि वरून उत्तर आलं की आता वेग वाढवा. तासाचा आकडा चढला. त्या दिवशी बस थांब्यावर गिटन्सबाई बोटं चोळत उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुमचा काय दोष त्यात?"

"डोळे वाचवायला गेले आणि बोटं गहाण पडली," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी दोन्ही एकदम मागायचे." आणि त्यांनी मागितलेही. पेट्रोनाला आणि मला घेऊन त्या साहेबांकडे तीनदा गेल्या. आकडा थोडा खाली आला. पूर्ण नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो मात्र एक शनिवार. बाईंनाही चाळिशीचा चष्मा होता. पुस्तक वाचायचा. तो लावला की कम्प्युटरची अक्षरं धूसर, काढला की जास्तच धूसर. म्हणून त्या नाक पुढे काढून बसायच्या आणि संध्याकाळी खांदे दाबत घरी जायच्या. दुसऱ्यांच्या डोळ्यांची एवढी काळजी करणारी बाई स्वतःचं वर्षभर ढकलत होती. मी हट्टानं त्यांना स्वान स्ट्रीटवरच्या स्कीट नावाच्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेले.

स्कीट म्हातारा होता, बोलायला तुसडा. "दोन भिंगांचा देतो," तो म्हणाला. "वरून लांबचं, खालून जवळचं."

"माझं काम ना लांब ना जवळ," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि एक टोक नाकाच्या शेंड्याला लावून दुसरं हात लांबवून धरलं. "चोवीस इंच. काचेपर्यंत. काल मोजलं. कार्डंही तेवढ्यावरच. एवढ्याच अंतराचा चष्मा द्या."

स्कीटनं हातातलं भिंग खाली ठेवलं. "बाई, छत्तीस वर्षं मी दुकान चालवतोय. लोक येतात, दिसत नाही म्हणतात. किती अंतरावरचं दिसत नाही, हे मोजून आणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"शिंप्याला माप न देता कपडे शिवतं का कुणी?"

तो हसला, आणि हसताना इतका वेगळा दिसला की बाईंनी मला कोपर मारलं. परत येताना मी त्यांना छेडलं, "म्हातारा तुमच्यावर खूश आहे हं."

"त्याच्या शर्टाचं तिसरं काज उसवलंय," बाई म्हणाल्या. "माझं लक्ष तिकडे होतं."

त्या चष्म्यानं त्यांचे खांदे सरळ झाले. सोमवारी त्यांनी पहिली दहा कार्डं मारली, मागे टेकून बसल्या आणि मला लांबून हात केला.

कंपनी सत्त्याण्णवला बंद झाली. कार्डं वाचणारी यंत्रं निघाली होती, आणि जे काम उरलं ते आणखी कुठल्या तरी देशात गेलं. शेवटच्या दिवशी आम्ही घरून तळलेले उडते मासे, मॅकरोनी, केक असं काय काय आणलं होतं. बॉइसबाई रडल्या, आणि ते बघून आम्हाला रडू आलं. मी विमा कंपनीत लागले. पेट्रोना कॅनडाला गेली. गिटन्सबाई सेंट फिलिपला बहिणीकडे राहायला गेल्या आणि शाळांचे गणवेश शिवायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी जायची. त्या शिवायच्या आणि मी बोलायची. अधेमधे त्या शिवण थांबवून दारात उभ्या राहायच्या, मी बोलणं थांबवत नसे.

पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. आधी त्यांनी शिवण सोडलं, मग एकटीनं बाहेर जाणंही. मला म्हणाल्या, "डेल्सी, सगळं उकळत्या पाण्याच्या वाफेतून बघतेय असं वाटतं." ऑपरेशनला त्या तयार होईनात. मीच दोन वर्षं मागे लागले, बहीणही लागली. शेवटी एका डोळ्याचं करायचं ठरलं. मी रजा काढून बरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी काढली. बाईंनी पापण्या दोन-तीनदा मिटल्या, उघडल्या. पंख्याकडे पाहिलं, नर्सच्या कानातल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या आणि बघतच राहिल्या. मला वाटलं आता या रडणार.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तू म्हातारी झालीस!"

"पन्नाशी झाली, गिटन्सबाई."

"हे कधी झालं? मला कुणी सांगितलं कसं नाही?" त्यांनी हात पुढे करून माझ्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. "छान दिसताहेत पण. हसून पडलेल्या आहेत."

नर्सही हसली. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी पाण्याच्या निमित्तानं बाहेर जाऊन आले.

दुपारी सोडलं त्यांना. डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची बाटली. बस थांब्यावर आम्ही बाकावर बसलो. मी मॉबीच्या, म्हणजे झाडाच्या सालीच्या कडसर सरबताच्या, दोन बाटल्या आणल्या, बर्फासारख्या गार. बाईंनी एक घोट घेतला, तोंड कडू केलं, आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "चपला दुरुस्त करून मिळतील. नारळाचं तेल. केस विंचरण्याची... काय गं, विंचरण्याची की विणण्याची?"

"विणण्याची."

"विणण्याची. आणि ते खाली बारीक?"

"मला नाही दिसत. माझा चष्मा घरी राहिलाय."

"सोमवारी बंद," त्यांनी वाचलं, एकेक अक्षर चघळत. "सोमवारी बंद, बघ."

सेंट फिलिपची बस आली. मी उठले, पिशवी उचलली. त्यांनी माझा स्कर्ट धरून मला खाली बसवलं.

"ही जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीतल्या पाट्या राहिल्यात अजून."

आम्ही तीन बस सोडल्या.